'क्रोकोडिल' बंडखोर नव्हते

महोदय,

रविवार पुरवणीतील रशियन व्यंगचित्रांवरच्या लेखात 'क्रोकोडिल' या सोव्हिएत व्यंग-नियतकालिकाला 'सत्तेला न जुमानणारे' ठरवले आहे. बडोद्याच्या विद्यापीठात रशियन शिकवली जाते, तेव्हा निदान इथे तरी हे खपू नये. ते विशेषण शोभते विनोदी लेखक आर्काडी आवेर्चेंकोच्या 'नोवी सतिरिकोन' या नियतकालिकाला. झार गेल्यावर त्याने बोल्शेविकांचीही गय केली नाही आणि ऑगस्ट १९१८मध्ये ते बंद पाडण्यात आले.

'क्रोकोडिल' निघाले २७ ऑगस्ट १९२२ला, 'राबोचाया गाझेता' या दैनिकाची पुरवणी म्हणून. जूनपासून ही पुरवणी वेगळ्या नावाने निघतच होती, म्हणून या पहिल्या अंकाचा क्रमांक १३ आहे. पुढे ते 'प्राव्दा' प्रकाशनाकडे, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्याच घरात गेले. महिन्याला तीन अंक, ऐंशीच्या दशकात खप पन्नास लाखांवर. कुणाला टोचायचे याची हद्द ठरलेली होती: कारखान्याचा व्यवस्थापक, वशिल्याचा दुकानदार, दारुडा, कागदी घोडे नाचवणारा अधिकारी. पक्षाच्या धोरणाला हात लावायचा नाही. तरीही सप्टेंबर १९४८मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने खास ठराव करून त्याची कानउघाडणी केली आणि संपादक बदलला. जानेवारी १९५३मध्ये, सोव्हिएत नेत्यांना मारण्याच्या डॉक्टरांच्या तथाकथित कटावर त्याने विखारी चित्रे छापली. एप्रिलमध्ये सरकारनेच ते प्रकरण बनावट असल्याचे जाहीर केले.

म्हणून ते रद्दीत घालावे असे नाही. वाचकांच्या तक्रारींचा पाठपुरावा होई आणि संबंधित खात्याने काय केले ते 'क्रोकोडिलने मदत केली' या सदरात छापले जाई. आपल्याकडच्या 'वाचकांचा पत्रव्यवहार' सदरांना हे अजून जमलेले नाही, हे जाता जाता!

आता लेखातल्या चित्रांबद्दल. 'कुक्रिनिक्सी' हा एक चित्रकार नव्हे. कुप्रियानोव, क्रिलोव आणि निकोलाय सोकोलोव या तिघांची ती सामाईक सही आहे. शिवाय अनेक चित्रांची कल्पना चित्रकाराची नसेच. कल्पना सुचवणारे लेखक वेगळे असत. संपादकीय बैठकीत त्यांची कल्पना पसंत पडली की ती चित्रकाराकडे जाई. त्यामुळे चित्रालगत बारीक अक्षरांत दोन नावे सापडतात: 'रिस.'पुढे चित्रकाराचे, 'तेमा'पुढे कल्पनाकाराचे. आपण चित्रे छापताना नेमकी हीच ओळ कापली गेली आहे. तारखेसाठी छपाईचा तपशील पाहावा लागतो. त्यातली 'छपाईस मंजूर' ही तारीख अंक बाहेर पडण्याच्या आधीची असते, म्हणून चित्राचा संबंध एखाद्या घटनेशी जोडण्यापूर्वी ती तपासून घ्यावी.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे