‘कंडक्टरसाहेब, जरा गाडी थांबवा’: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. नोकरी सगळी नाशिक विभागात, त्यातही सटाणा, कळवण, सुरगाणा या बाजूच्या गाड्यांवर जास्त. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. कमरेच्या हाडापर्यंत पोचलाय, त्यामुळे मुळापासून बरा होणार नाही, पण औषधांनी आटोक्यात आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही काही पेशंट मिळून साल्हेर चढून आलो. पत्र त्या निमित्ताने लिहितोय. गडाचं कौतुक सांगायला मात्र नाही.

‘कंडक्टरसाहेब, जरा गाडी थांबवा’ हे मी नोकरीभर ऐकलं. स्टँड सोडून तास झालेला नसायचा, तेवढ्यात धोतर सावरत एखादे बाबा दाराशी येऊन उभे. मी घंटी मारायचो. बाबा झुडपाआड जायचे आणि लवकर परत यायचे नाहीत. आत लोकांची कुरकुर, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि बाबा तिकडे पाठमोरे, एक हात बाभळीच्या खोडावर टेकवून नुसते उभे. लागलेली असते, पण उतरत नाही. परत चढताना प्रत्येक जण तेच म्हणायचा: वय झालं आता.

बहुतेकांचं दुखणं वयाने वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचंच असणार, कॅन्सरचं नव्हे. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते, तरुणपणी अक्रोडाएवढी, आणि लघवीची नळी तिच्यातून जाते. ती वाढली की धार बारीक होते, रात्री चार वेळा उठावं लागतं. कॅन्सर त्याहून लबाड. सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही. माझी कंबर दुखत होती. उभं राहून राहून झिजली, असं घरादाराने आणि दोन डॉक्टरांनीही धरलं. लघवीचं कुणी विचारलं नाही.

साहेब, असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्यांची बीपी, शुगर आणि तीन कॅन्सरसाठी तपासणी होते: तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा. प्रोस्टेट त्यात नाही. त्याला कारण आहे आणि ते मला पटतं. पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी सोपी आहे, पण आकडा ४ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. नुसती ग्रंथी वाढली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी तो चढतो. शिवाय काही कॅन्सर इतके सावकाश वाढतात की माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो, आणि उपचार केले तर त्यांचाच त्रास जास्त. म्हणून गावोगाव मंडप टाकून सरसकट पीएसए करा, असं मी म्हणत नाही. रिपोर्ट हातात देऊन ‘पुढचं नाशिकला दाखवा’ म्हणणारं शिबिर न झालेलं बरं.

मागणी साधी आहे. विचारायला माणूस हवा. घरोघर जाते ती आशाताई, म्हणजे गावातलीच कुणाची तरी सून. सत्तरीचे बाबा तिला धारेचं सांगतील, ही अपेक्षाच चूक. पण उपकेंद्राला पुरुष आरोग्यसेवक असतो, तापाच्या पेशंटचं रक्त काचेवर घेणारा. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांना चार प्रश्न विचारायचं काम त्याला द्या: रात्री किती वेळा उठता, धार अडते का, लघवीत रक्त दिसलं का, वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर होता का. उत्तरं संशयाची आली तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून, त्या माणसाची तयारी असेल तर पीएसए करावी. आणि ठरलेल्या दिवशी तिथे मूत्ररोगतज्ज्ञ यावा.

आता साल्हेर. १,५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला. आम्ही पायथ्याच्या वाघांब्याकडून गेलो, साल्हेर आणि शेजारचा सालोटा गड यांच्या मधल्या खिंडीतून. आमचं औषध शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद करतं, कारण हा कॅन्सर त्यावरच पोसतो. त्यापायी स्नायू उतरतात, हाडं ठिसूळ होतात, आणि भर थंडीत अंगातून वाफा निघून घाम फुटतो. (पन्नाशीत बायकोला असंच व्हायचं. ‘आता कळलं का?’ एवढंच ती म्हणाली.) चालणं आणि व्यायाम हा या थकव्यावरचा डॉक्टरांनीच सांगितलेला इलाज. पण हाडात कॅन्सर असलेल्याने विचारल्याशिवाय डोंगर चढू नये. आमचे स्कॅन बघूनच परवानगी मिळाली, आणि एकाला खिंडीच्या पुढे जायचं नाही, असं बजावलं होतं. तो खिंडीत भाकरीचं फडकं सोडून बसला. बाकीचे कातळातल्या पायऱ्या एकेक करत, दरवाजे ओलांडत, वर परशुरामाच्या देवळापर्यंत गेलो.

वाट दाखवायला वाघांब्याचा एक तरुण होता. आमच्या टी-शर्टवरचं या कॅन्सरबद्दलचं वाचून त्याने विचारलं, “बाबा, गड चढून हा रोग जातो का?” नाही म्हटलं. लोक विचारतात ‘कशाला चढता’, मग आम्हाला बोलता येतं, एवढंच. तो जरा वेळ गप्प चालला, मग वडिलांचं बोलू लागला. त्यांना लघवी उतरावी म्हणून नळी घातलेली. लघवीची पिशवी बाजेच्या दांडीला सुतळीने बांधलेली. नळी ठरल्या मुदतीत बदलावी लागते, पण नाशिकला न्यायचं म्हणजे गाडीभाडं आणि दोन माणसांचे खाडे. म्हणून मुदत उलटते, मग ताप येतो.

या पत्राचं खरं कारण ते बाबा आहेत. सरकारने पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत केली, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. चांगलंच केलं. पण ज्या कामासाठी त्यांना नाशिकला यावं लागतं, ते नळी बदलण्याचं काम तालुक्यातली प्रशिक्षित नर्स करू शकते. आमचं हार्मोनचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. तेही तिथे देता येईल, फक्त ते तिथे पोचलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी चारचौघांत कुणी बोलत नाही. हेच हार्मोन बंद करायला दुसरा मार्ग म्हणजे अंडकोष काढण्याचं ऑपरेशन. एकदाच करायचं, स्वस्तात होतं, आणि परिणामाला कमी नाही. कुणी समजून उमजून ते निवडलं तर त्यात गैर काही नाही. पण आमच्यातल्या एकाने ते केलं ते इंजेक्शनांचा खर्च मुलांवर नको म्हणून. घरी हर्नियाचं सांगितलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात हे मला ठाऊक आहे. पण बायोप्सीपर्यंतच्या तपासण्यांतच माझ्या खिशाला चाट बसली, आणि माझं तर पेन्शनीवर भागतं. शेतमजुराने काय करायचं?

येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा साल्हेरला जाणार आहोत. आपण गड चढावा असा आग्रह नाही, बॅनर आणि हार तर नकोतच. पायथ्याशी वाघांब्यात तासभर या. सोबत जिल्हा शल्यचिकित्सक आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी असू द्या. गावातल्या बाबांना एकेकटं भेटा, आणि त्या वेळी खोलीत बायामाणसं नकोत, नाहीतर ते गुडघेदुखी सांगून निघून जातील. तारीख ठरली की आपल्या कार्यालयाला कळवतो. त्याआधी आरोग्यसेवकांच्या चार प्रश्नांचं आणि तालुक्यातल्या इंजेक्शनचं काही ठरलं, तर तसं लेखी कळवावं.

आपला,
एक निवृत्त वाहक, नाशिक