पायथन बांधायला हात लावणाऱ्यांचे आभार

अमळनेरच्या आमच्या संगणक वर्गातल्या जुन्या लिनक्स मशीनवर आता नवं पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) चालतं. सोर्स कोडवरून, म्हणजे मूळ लिहिलेल्या प्रोग्रामवरून, बांधलेलं. ज्यांनी मदत केली त्यांतल्या बऱ्याच जणांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात मोठे आभार धुळ्याच्या त्या दादांचे. त्यांनी फोनवर आधीच बजावलं होतं : पायथन ३.१० पासून पुढे ओपनएसएसएल (इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी सांभाळणारं सॉफ्टवेअर) किमान १.१.१ लागतं, त्याच्या डेव्हलपमेंट फायली (बांधणीला लागणाऱ्या जास्तीच्या फायली) नसतील तर पायथनचा सुरक्षित जोडणीचा भाग, एसएसएल मॉड्यूल, तयार होत नाही, आणि मग पिपला (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला) इंटरनेटवरून पॅकेज आणता येत नाही. शिवाय बसवताना ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा नको, ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ कर, म्हणजे सिस्टीमच्या मूळ ‘पायथन३’ला धक्का लागत नाही. त्या मूळ पायथनवर उबुंटूची (आमच्या मशीनवरच्या लिनक्सची) कितीतरी साधनं उभी असतात. एवढं समजावून सांगायला जीव लावावा लागतो.

जळगावच्या दुकानदार भाऊंनी टारबॉल (सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाईल) पेनड्राइव्हवर दिला, पैसे घेतले नाहीत.

मधेच वीज गेली. पण बांधणी करणारं ‘मेक’ हे साधन फायलींच्या वेळा ताडून पाहतं, झालेलं काम पुन्हा करत नाही. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेली ही युक्ती उन्हाळ्यातल्या खान्देशाला फार उपयोगाची आहे! त्यांचेही आभार.

दादा, भाऊ, थंडीत वर्गावर या. भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे.