दहा युनिटवर अडकलेला केसपेपर

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा डोस उपकेंद्रात वाढवता-कमी करता यावा

महोदय,

२०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन आले, याचा आम्हाला आनंद आहे. पण हे इन्सुलिन नुसते हातात देऊन भागत नाही, त्याचा डोस बसवावा लागतो. तेच राहून जाते. केसपेपरवर ‘रात्री १० युनिट’ लिहिले जाते आणि दर महिन्याला तेच उतरवले जाते.

टाइप २ मधुमेहाच्या रुग्णाला १० युनिट, किंवा वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट, ही फक्त सुरुवात असते. पुढे रोज सकाळी उपाशीपोटी साखर बघायची. तीन दिवस ती १३०च्या वर राहिली तर २ युनिट वाढवायचे आणि पुन्हा तीन दिवस थांबायचे. वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार दिवस जातात, म्हणून हे थांबणे. रोज वाढवत गेले तर आधीची वाढ अंगी लागण्यापूर्वीच पुढची भर पडते आणि एखाद्या रात्री साखर एकदम घसरते. साखर ७०च्या खाली गेली आणि जेवण चुकल्यासारखे कारण सापडले नाही, तर डोस १० ते २० टक्के कमी करायचा.

ज्याला २४ युनिट लागतात, तो या पद्धतीने तीन आठवड्यांत तिथे पोचतो. महिन्यातून एकदा डॉक्टरांपुढे येऊन २-२ युनिट वाढवले तर सात महिने जातात. तेवढे दिवस डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा वाढलेली साखर सोसत राहतात.

म्हणून पहिली मागणी साखर तपासायच्या पट्ट्यांची. सहा आठवडे रोज एक, म्हणजे ४२. पहाटे तीनला अधूनमधून तपासायला आठ. पन्नास पट्ट्यांची एक डबी आणि ग्लुकोमीटर पहिल्या इन्सुलिनबरोबरच द्यावे.

दुसरी मागणी अधिकाराची. लेखी तक्ता देऊन उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना डोस बदलू द्यावा. गरोदर स्त्रिया, टाइप १चे आणि मूत्रपिंडे कमजोर झालेले रुग्ण मात्र डॉक्टरांकडेच असावेत. किलोमागे ०.५ युनिटची, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० युनिटची मर्यादा तक्त्यात ठळक हवी. त्यापुढे साखर चढीच असेल तर दोष बहुधा जेवणानंतरच्या साखरेचा असतो. रात्रीचे इन्सुलिन वाढवून ती उतरत नाही, फक्त पहाटे साखर घसरून घाम फुटतो.

सिरिंजची चूक तर जीवघेणी आहे. सरकारी दवाखान्यातल्या ह्यूमन इन्सुलिनच्या बाटलीत सहसा मिलिलिटरमागे ४० युनिट असतात, ग्लार्जिनमध्ये १००. लाल टोपणाच्या ४०च्या सिरिंजने ग्लार्जिन १०च्या रेघेपर्यंत ओढले तर अंगात २५ युनिट जातात. उलट, ४०चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या १००च्या सिरिंजने घेतले तर १०च्या जागी चारच. एका केंद्रावर दोन्ही ताकदींचे इन्सुलिन येत असेल तर बाटली आणि तिची सिरिंज एकाच पाकिटात द्यावी.

आणि ऊसतोड कामगारांचा वेगळा विचार व्हावा. दिवसभर कोयता चालवल्यावर स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात. गावी बसलेला डोस फडात जास्त होऊ शकतो. गाव सोडण्याआधी त्यांचा डोस तपासून कमी करावा लागेल का ते ठरवावे, तो खिशातल्या कार्डावर लिहावा, आणि हातपाय थरथरले की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे मुकादमालाही सांगावे.

आपले नम्र,
मधुमेही रुग्णांसोबत काम करणारे आरोग्य कार्यकर्ते