माकडतापाची पहिली खबर माकडेच देतात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवरील आपल्या दैनिकातील लेख वाचला. कोरोनाकाळातील संस्थेच्या कामाची त्यात घेतलेली दखल योग्यच आहे. मात्र ज्या आजाराच्या शोधामुळे या संस्थेचे नाव जगभर पोहोचले आणि ज्याची धास्ती आम्ही दोडामार्ग तालुक्यातील माणसे दर हंगामात घेतो, त्या माकडतापाचा लेखात उल्लेखही नसावा, याची खंत वाटली म्हणून हे पत्र.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. माकडे मरत असल्यामुळे पीतज्वर (यलो फीव्हर) भारतात शिरला की काय, अशी शंका पुण्यातील तज्ज्ञांना आली. तेव्हा ही संस्था विषाणू संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाई आणि तिच्या स्थापनेला जेमतेम पाच वर्षे झाली होती. डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानात उतरून मेलेली माकडे, रुग्णांचे रक्त आणि गोचिडी तपासल्या, तेव्हा हा पीतज्वर नसून गोचिडींतून पसरणारा एक नवाच विषाणू असल्याचे सिद्ध झाले. या आजारावर दीर्घकाळ काम करणाऱ्यांपैकी एक डॉ. खोर्शेद पावरी. रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कशा घटतात, रक्तस्राव का होतो, याविषयी त्यांनी केलेली मांडणी डॉक्टरांना उपयोगी पडली आणि पुढे त्या या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. हे काम सुरक्षित खोलीत बसून झालेले नाही. या विषाणूवर काम करताना केंद्रातील अनेक कर्मचाऱ्यांना प्रयोगशाळेतच हा ताप आला होता, हे आज कितीजणांना ठाऊक आहे? त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

या संशोधनातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट साधी आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडे या विषाणूला लवकर बळी पडतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा माणसासाठी धोक्याची होते. म्हणून मेलेल्या माकडाची खबर ताबडतोब पोहोचणे, त्याचा नमुना तपासला जाणे आणि आसपास मेलॅथियॉन या कीटकनाशकाची भुकटी मारली जाणे, हाच साथीला वेळीच अडवण्याचा मार्ग आहे. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे लढाई रुग्णालयापेक्षा रानातच जिंकायची असते.

आमच्याकडे नेमके तेच ढिले पडते. शिमोग्यातला हा आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्गात मोठ्या प्रमाणावर आला. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, आणि तरव्याच्या (भाताच्या रोपवाटिकेच्या) भाजणीसाठी पातेरा, म्हणजे सुका पाला, गोळा करण्याचा व काजूबी वेचण्याचा हंगामही तोच. बाया सकाळपासून वाकून पालापाचोळ्यात हात घालतात. तिळाएवढी गोचीड पोटरीला चिकटली तरी संध्याकाळी अंघोळीच्या वेळीच कळते. गेल्या हंगामात आमच्या बागेच्या वरच्या अंगाला एक वानर मरून पडले होते. मी त्याच दिवशी संबंधित ठिकाणी कळवले. तिसऱ्या दिवशी माणूस आला, तोवर कुत्र्यांनी ते ओढून नेले होते. नमुना गेला नाही, भुकटी पडली नाही, आणि त्याच पायवाटेने पंधरा दिवस माणसे ये-जा करीत राहिली. ताप आला नाही, हे आमचे नशीब.

शंभर रुग्णांमागे तीन ते पाच माणसे दगावणाऱ्या या आजारावर नेमके औषध नाही. जुनी लस पुरेशी प्रभावी ठरली नाही आणि नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने चालू आहे. ती हाती येईपर्यंत जंगलाकाठच्या प्रत्येक गावात मेलेले माकड कळवण्यासाठी एकच दूरध्वनी क्रमांक असावा, त्याच दिवशी माणूस येण्याची जबाबदारी एकाच खात्याकडे असावी (आज वन खाते आरोग्याकडे आणि आरोग्य खाते पशुसंवर्धनाकडे बोट दाखवते), आणि अंगाला लावण्याचे गोचीडरोधक तेल काजू पिकण्याआधी मिळावे, नंतर नव्हे. या डिसेंबरात माणसे पातेऱ्यासाठी रानात शिरण्यापूर्वी तो क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर दिसावा, यासाठी आपल्या दैनिकाने जिल्हा प्रशासनाकडे पाठपुरावा करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक काजू बागायतदार, ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग