पाणी कधी गेलं, ते केसपेपरवर लिहायला लावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. एका रात्री दुसऱ्या दवाखान्यातून चौदा तासांचं बाळ आमच्याकडे आलं. ते दूध ओढत नव्हतं. प्रत्येक श्वासाला बारीक कण्हत होतं आणि पावलं गार पडली होती. केसपेपर उघडला, तर पाणी (बाळाभोवतीचं गर्भजल) गेल्याच्या वेळेपुढे नुसती आडवी रेघ. आई म्हणाली, "आदल्या दिवशी सकाळीच गेलं होतं. सांगितलं होतं मी."

तिचं सांगणं कुणी लिहून घेतलं असतं, तर पाणी जाऊन फार वेळ झालाय आणि बाळाला जंतुसंसर्गाची जोखीम आहे हे कळलं असतं, आणि कळांच्या वेळीच प्रतिजैविक सुरू करता आलं असतं.

ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू साधारण पाचातल्या एका गरोदर बाईच्या अंगात असतो. तिला त्याचा त्रास नसतो, म्हणून पत्ताही लागत नाही. जन्मताना तो बाळाला लागला, तर कधीकधी रक्तात, फुप्फुसांत, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. आधी गोळ्या देऊन भागत नाही, कारण जंतू पुन्हा वाढतो. औषध कळांमध्येच, शिरेतून द्यावं लागतं. पेनिसिलीनचा पहिला डोस बाळंतपणाच्या निदान चार तास आधी गेलेला बरा. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हजारातल्या पावणेदोन बाळांना पहिल्याच आठवड्यात हा आजार व्हायचा. ही पद्धत रुळल्यावर ते प्रमाण हजारी पावाच्या आसपास आलं.

छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात स्वॅब घेऊन तपासणं उत्तम. जिथे ती सोय नाही, तिथेही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. पाणी जाऊन अठरा तास झालेत का, आईला ताप आहे का, बाळंतपण सदतीस आठवड्यांच्या आत होतंय का, आधीच्या बाळाला हाच आजार झाला होता का, एवढं विचारलं तरी जोखीम कळते. हात धुणं आणि नाळ निर्जंतुक पात्याने कापणं हे तर हवंच, पण आईच्या अंगातला जंतू त्याने थांबत नाही.

म्हणून साहेब, एक आदेश काढा. पाणी गेल्याची वेळ, आईचा ताप आणि पहिल्या डोसची वेळ यांतला एकही रकाना कोरा राहता कामा नये. आणि पेनिसिलीन प्रसूतिकक्षाच्याच कपाटात ठेवायला सांगा. रात्री भांडाराला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो घरी गेलेला असतो. अशा वेळी चार तास कुठे जातात, ते मी पाहिलं आहे.

ते बाळ वाचलं. दोन आठवडे त्याच्या हाताला सुई होती, आणि आई मला रोज विचारायची, "माझं काही चुकलं का?"

आपली,
प्रसूतिकक्षातली एक परिचारिका