भिंग आधी माझ्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं काका. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्यावरचा आळही सगळ्यांसमोरच आला होता.

रत्नागिरीत बाबांनी उभं केलेलं आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मिरकरवाडा बंदरातल्या दोन नौकांना आम्ही स्टीलचं रेलिंग केलं आणि काही महिन्यांत त्यावर तांबेरा चढला. "316 चे पैसे घेऊन 304 लावलंत काय?" असं मालकाने भर बंदरात विचारलं. 316 म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणारं, महाग स्टेनलेस स्टील; 304 त्याहून स्वस्त. तीस वर्षं धंदा करणारे बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

एका लॅबमध्ये पैसे भरून तपासणी करून घेतली. रिपोर्टात एक आलेख, खाली एक ओळ: पिटिंगला, म्हणजे गंजाने बारीक खड्डे पडण्याला, प्रतिकार कमी. का, म्हणून विचारलं तर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "मशीन खोटं बोलत नाही, मॅडम." तो कागद मी तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरले. त्या माणसाला पाच मिनिटं जड होती का, हा प्रश्न मला अजून पडतो.

शेवटी तो घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही रिपोर्ट बाजूला ठेवलात आणि लॅबने तपासलेला तुकडा मागितलात. खिशातल्या रुमालाने भिंग पुसलंत आणि स्वतः न बघता माझ्या हातात दिलंत. "आधी तुम्ही बघा."

काका, तेवढ्यावरच माझे डोळे भरून आले होते, तुम्हाला दिसलं की नाही ठाऊक नाही. तोवर प्रत्येकाने मला निकाल सांगितला होता. बघायला कुणी दिलं नव्हतं. मधला पत्रा स्वच्छ होता, एकही खड्डा नाही. कडेला, चाचणीसाठी तुकडा ज्यात बसवला होता ते रेझिन आणि धातू यांच्या मधल्या फटीत मात्र काळी रेघ होती. फटीत खारं पाणी अडकतं, प्राणवायू पोचत नाही, क्लोराइड आणि आम्ल वाढत जातं आणि धातू तिथे खाल्ला जातो, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. धातू गंजताना वाहणारा जो करंट मशीनने मोजला होता, तो त्या फटीचा.

कडा नीट बंद करून, 3.5 टक्के मिठाच्या पाण्यात तुम्ही चाचणी पुन्हा लावलीत. शेजारी तुमच्याकडची 304 ची पट्टीही तपासलीत. आलेखावर तिची करंटची रेघ लवकरच उसळली. आमची व्होल्टेज चढत गेलं तरी कितीतरी वेळ शांत राहिली. 316 मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमची किमया मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

मग रेलिंगचा जोड मागितलात, आणि तिथे आमची चूक सापडली. वेल्डिंगनंतरची निळसर झाक आम्ही पिकलिंग पेस्टने, म्हणजे आम्लाच्या लेपाने, काढलीच नव्हती. तिच्याखालच्या थरात क्रोमियम कमी झालेलं असतं, गंज तिथूनच सुरू झाला. हे सांगतानाही तुमचा आवाज चढला नाही. "पत्रा चोख आहे, बाबांना सांगा," हे आधी म्हणालात, चूक नंतर सांगितलीत. तो क्रम मी विसरणार नाही.

दोन्ही रेलिंगं आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त करून दिली. मालक घरी येऊन बाबांशी बोलून गेले.

तुम्ही चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. नारळी पौर्णिमेला बंदरावर या. बाबांना ते जोड तुम्हाला स्वतः दाखवायचेत. भिंग आणा.