उचल श्रावणात, दुष्काळ दिवाळीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टँकर वाढले की सोलापूर जिल्ह्यातली गावे ओस पडल्याच्या बातम्या येतात. टँकरची गर्दी होते उन्हाळ्यात. घराला कुलूप लावायचे की नाही, हे मात्र श्रावणातच ठरलेले असते. ऊसतोडीसाठी मजूर जमवणारा मुकादम जुलै-ऑगस्टमध्ये उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. २०२३ मध्ये सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. बार्शी, माढा, करमाळा, माळशिरस, सांगोला हे आपले पाच तालुके त्यात होते. तोवर तोडणीच्या टोळ्या बांधून झाल्या होत्या.

सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला कामाचा पाऊस उत्तरा-हस्त नक्षत्रांचा. ज्वारीची पेर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. उचल घेताना हस्त पडेल की नाही हे कोणालाच माहीत नसते. मग माणूस बघतो ते कडब्याच्या बणमीकडे, म्हणजे रचून ठेवलेल्या गंजीकडे. एका गाईला दिवसाला सहा किलो वाळला चारा धरला, तर दोन गाईंना सहा महिन्यांत दोन टनांहून अधिक लागतो. खोल काळ्या रानात मालदांडी ज्वारी साधली, तर एकर-दीड एकरात एवढा कडबा निघतो. मुरमाड रानात ओलच टिकत नाही. म्हणून एकाच गावात, एकाच पावसात एक घर थांबते आणि शेजारचे जाते. जनावरे विकली की थांबायचे कारणही संपते, आणि टंचाईत विकलेली गाय पुढच्या वर्षी त्या भावात परत मिळत नाही.

उचलीचा हिशेबही पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले, तर ७३२ रुपये. एक लाखाची उचल फेडायला सुमारे १३७ दिवस लागतात, तेही खाणेपिणे, आजारपण, खाडे न धरता. दुष्काळी वर्षात ऊसच कमी असतो, हंगाम शंभर दिवसांतही आटोपतो. बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी त्या जोडप्याला जावेच लागते. पाऊस सुधारला तरी स्थलांतर का थांबत नाही, याचे उत्तर या बाकीत आहे. आपल्याच जिल्ह्यात उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस उभा असतो, तो तोडायला बाहेरून टोळ्या येतात, आणि मंगळवेढा-करमाळ्याचे कोयते कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात.

जे थांबतात ते सगळे सावरलेले असतात, असेही नाही. विहिरीला पाणी असलेला डाळिंबवाला थांबतो. विधवा बाई, म्हातारे जोडपे, अपंग माणूस हेही थांबतात, कारण जोडी नसली की उचल मिळत नाही. ‘स्थलांतर नाही’ असा शेरा मारलेल्या घरात अनेकदा सर्वांत जास्त ओढाताण असते. पाहणी करणाऱ्यांनी बंद घरे मोजावीत, पण उघड्या घरातल्या चुलीचीही चौकशी करावी.

आता तर दुष्काळाच्याच गावांत पूर येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने काठची रानेच खरवडली. पीक बुडाले तर पुढच्या हंगामात पेरता येते. माती गेली तर गाळ आणून भरेपर्यंत पेरायचे कशात?

रोजगार हमीचे काम हा उचलीला पर्याय आहे, असे सांगितले जाते. कायद्याने मागणीनंतर १५ दिवसांत काम मिळायला हवे. पण उचल रोख आणि आधी हातात पडते, हमीची मजुरी काम करून, मोजमाप होऊन, नंतर खात्यावर येते. पोळ्याला घरात पैसा हवा असेल, तर माणूस कोणाकडे जाईल हे उघड आहे.

म्हणून तीन गोष्टी पोळ्याआधी व्हाव्यात. पहिली, ग्रामसभेत कामाची लेखी मागणी घेऊन तारखेची पोच द्यावी आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावी. दुसरी, गावनिहाय कडब्याचा साठा मोजावा आणि तुटीच्या गावांत पाणी असलेल्यांना मका, कडवळाचे (चाऱ्याच्या ज्वारीचे) बी तेव्हाच द्यावे. चारा उगवायला दोन महिने लागतात, चारा छावणीची फाईल फिरायला त्याहून जास्त. तिसरी सर्वांत निकडीची. मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे कारखान्याचे बॉयलर पेटण्याआधी सुरू झाली पाहिजेत. टोळी निघाल्यावर वसतिगृह उघडले, तर मूल तोवर आई-बापाबरोबर उसाच्या फडावर पोहोचलेले असते.

आपला,
एक वाचक, सोलापूर